तापी नावाची मुलगी

तिगाव सोडून गाडी इटारसीकडे निघाली की घाट चढायला लागते. पांढुर्णा-सौंसरच्या संत्र्यांच्या बागा मागे पडतात आणि काही स्टेशनांनंतर मुलताई येतं. मुलताई म्हणजे मूळतापी, तापी नदीचं उगमाचं गाव. नवल असं की वर्धा नदीही याच मुलताईच्या मुलखातून निघते. तापी पश्चिमेची वाट धरते आणि ७२४ किलोमीटर चालून सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. वर्धा दक्षिणेला उतरते, वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, गोदावरीत शिरते आणि बंगालच्या उपसागरात पोचते. या पठारावर पडलेल्या एकाच सरीचं पाणी देशाच्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांना जातं.

दोन्ही नद्यांची नावं मुलींना मिळाली, पण त्या नावांच्याही वाटा फुटल्या. वर्धेचं जुनं नाव वरदा. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त विदर्भाचं राज्य दोन चुलतभावांत वाटलं जातं, तेव्हा मधली हद्द ठरते ती हीच वरदा. आज वरदा नावाच्या मुली पुण्यात, नागपुरात, परदेशातल्या मराठी घरांतही भेटतात. आईबापांच्या मनात बहुधा नदी नसते, वर देणारी देवी असते. तरी नाव वाहतं आहे. तापी मात्र थांबली. खानदेश-वऱ्हाडाकडे तापीबाई म्हटलं की नऊवारीतली आजीच डोळ्यांसमोर येते, शाळेच्या हजेरीपटावर ते नाव आता क्वचितच दिसेल. मला याची मनापासून हळहळ वाटते, कारण या एवढ्याशा नावामागे फार मोठी गोष्ट आहे.

महाभारताच्या आदिपर्वात लाक्षागृहातून वाचलेले पांडव पांचालांकडे निघालेले असतात. रात्री गंगाकाठी अंगारपर्ण नावाचा गंधर्व त्यांची वाट अडवतो. अर्जुन त्याला हरवतो, मग दोघांची मैत्री होते आणि बोलता बोलता गंधर्व अर्जुनाला ‘तापत्य’ अशी हाक मारतो. अर्जुन चकित होतो. आम्ही कुंतीचे म्हणून कौंतेय, हे तापत्य कुठून आलं? तेव्हा गंधर्व त्याला त्याच्याच घराण्याची गोष्ट सांगतो. सूर्याची मुलगी तपती. राजा संवरण शिकारीला गेला असताना त्याचा घोडा मेला, तो डोंगरात पायी भटकत होता, तिथे त्याने तिला पाहिलं आणि त्याचं भान हरपलं. तिने मात्र सांगितलं, मला माझ्या वडिलांकडे माग. शेवटी वसिष्ठ ऋषी सूर्याकडे जाऊन तिला मागून आणतात, लग्न होतं, आणि त्यांना मुलगा होतो: कुरू. ज्याच्या नावाने कुरुक्षेत्र, ज्याच्यावरून कौरव, तो कुरू तपतीचा मुलगा. म्हणजे त्या युद्धात समोरासमोर उभे राहिलेले दोन्हीकडचे चुलतभाऊ तापीचीच लेकरं. परंपरा या तपतीला आणि तापी नदीला एकच मानते. यमुनाही सूर्याचीच मुलगी, म्हणजे तापी तिची बहीण. आषाढ शुद्ध सप्तमीला मुलताईत तापीचा जन्मोत्सव होतो. नदीचा वाढदिवस तिथीने साजरा करणाऱ्या गावाच्या शेजारी राहायला मिळणं हे भाग्यच म्हणायचं.

जुन्या शास्त्रकारांचं मत मात्र वेगळं होतं. नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये, असं मनुस्मृती सांगते. मराठी घरांनी ते कानामागे टाकलं. गंगा, गोदावरी, कृष्णा, भीमा, नर्मदा, भागीरथी अशा साऱ्या नद्या आपल्या वाड्यांत नांदल्या. झाशीच्या राणीच्या आईचं नाव भागीरथी, बाबासाहेब आंबेडकरांच्या आईचं भीमाबाई.

नावं गेली ती दुसऱ्याच वाटेने. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवरीचं नवं नाव लिहायची आपली रीत, आणि त्या ताटाने किती नद्या पुसल्या! डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करणाऱ्या आनंदीबाई आधी गोदूबाई होत्या. एका पिढीतल्या तीन मोठ्या बायका, तिघी नदीचं नाव घेऊन आल्या आणि तिघींचं नाव सासरी बदललं. बारशाला आत्याने कानात कुर्रर्र करून सांगितलेलं नाव असं कित्येकदा आठ-दहा वर्षांतच मिटायचं.

आणि दुसरीकडे तापीचं नाव समुद्र ओलांडून गेलं. थायलंडच्या दक्षिणेत, सुरतेवरून नाव घेतलेलं सुरत थानी नावाचं शहर आहे. १९१५ साली राजा वजिरावुध याने ते नाव ठेवलं, आणि तिथल्या नदीला आपल्या तापीचंच नाव मिळालं. इकडे गुजरातेत २००७ मध्ये नवा जिल्हा झाला, त्याचंही नाव तापी. नदीला, जिल्ह्याला, परदेशातल्या पाण्याला हे नाव चालतं. मुलीला ठेवायचं म्हटलं की घरात चार तोंडं चार बाजूंना होतात. कुणी म्हणतं, जुनाट वाटतं. कुणी म्हणतं, पोरीला वर्गात ‘ताप’ म्हणून चिडवतील.

चिडवायचं ठरवलं तर पोरं कुठलंही नाव सोडत नाहीत. आणि जुनाट म्हणाल, तर सई, रमा, जाई ही नावंही एकदा आजीचीच वाटत होती, आज ती पाळण्यावर परत आली आहेत. मनूनेच दुसरीकडे स्त्रियांच्या नावांविषयी सांगितलं आहे की ती उच्चाराला सोपी असावीत, कर्कश नसावीत, शेवटी दीर्घ स्वर असावा. तापी हे सगळं दोन अक्षरांत पुरं करते. शिवाय नावाच्या अर्थात ऊब आहे, सूर्य आहे, आणि पश्चिमेकडे एकटीने वाट काढणारी नदी आहे.

मुलताईच्या घाटाखाली, पांढुर्ण्यात, सौंसरात, तिगावात ज्यांच्या घरी यंदा पाळणा हलणार आहे, त्यांनी या नावाचा विचार जरूर करावा. धीर होत नसेल तर जन्मदाखल्यावर तपती लिहा आणि घरात तापी म्हणून हाक मारा. व्यासांनी आणि उगमाच्या गावाने दोन्ही रूपं जपून ठेवली आहेत.