आधी स्वच्छ, मग निर्जंतुक

‘स्वच्छ’ आणि ‘निर्जंतुक’ हे दोन शब्द आपण बोलताना सर्रास एकाच अर्थाने वापरतो. घासून लखलखीत केलेली काचेची बाटली डोळ्यांना स्वच्छ दिसते. परंतु बहुतेक जिवाणू एक-दोन मायक्रोमीटर लांबीचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतात. ते डोळ्यांना दिसणार कसे?

या दोन शब्दांमधला फरक समजून घ्यायला बीअर बनवणाऱ्यांची भांडी आणि बाटल्या हे चांगले उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बीअर घरी बनवायला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तशी मुभा दिली. त्यामुळे तिथे हा अनेकांचा छंद झाला आहे. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे. तेव्हा इथे आपल्याला हवे आहे ते त्यामागचे रसायन आणि जीवशास्त्र.

धोका केव्हा सुरू होतो?

बार्लीला मोड आणून ती वाळवतात. ती भरडून सुमारे ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ठेवली, की धान्यातील विकरे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. या गोड द्रवाला ‘वर्ट’ म्हणतात. हॉपची फुले घालून तो तासभर उकळतात. मग थंड करून त्यात यीस्ट घालतात.

इथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा : यातली कोणती उपकरणे निर्जंतुक करायला हवीत? बहुतेक जण ‘सगळी’ म्हणतील. पण उकळण्यापूर्वी वापरलेली भांडी नुसती स्वच्छ असली तरी चालतात, कारण पुढची उकळी जंतूंना मारतेच. खरा धोका आहे तो वर्ट थंड झाल्यावर. त्यात साखर, अमिनो आम्ले, खनिजे असे सगळे खाद्य तयार असते आणि ते खायला अजून कोणी नसते. त्यानंतर त्याला लागणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे नळी, चमचा, तापमापी, बाटली आणि तिचे बूच, जंतुमुक्त हवी.

समजा, एक जिवाणू दर तासाला दुप्पट होतो. चोवीस तासांनी किती होतील? दोनाचा चोविसावा घात, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख! यीस्टला कामाला लागायला काही तास लागतात. एकदा ते वाढले, की प्राणवायू संपवते, आम्लता वाढवते, अल्कोहोल तयार करते आणि मग इतरांना जगणे कठीण होते. म्हणजे ही एक शर्यत आहे. ती यीस्टने जिंकावी, एवढ्यासाठी इतर जंतूंची संख्या फार थोडी ठेवायची असते; ती शून्यच व्हायला हवी असे नाही. संख्या अशी खूप कमी करणे म्हणजे जंतुनाशन. बीजाणूंसह एकही जीव शिल्लक न ठेवणे म्हणजे निर्जंतुकीकरण. त्यासाठी दाबाखालील वाफेत १२१ अंशांवर पंधरा मिनिटे ठेवावे लागते. शस्त्रक्रियेच्या साधनांना ते हवेच, बीअरच्या बाटलीला त्याची गरज नसते.

पाश्चर आणि हॅन्सेन

ही शर्यत प्रथम नीट पाहिली ती लुई पाश्चर यांनी. १८७१ मध्ये लंडनच्या एका बीअर कारखान्यात त्यांनी यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि त्यात नको असलेले जीव मिसळल्याचे दाखवून दिले. काही दिवसांनी ते पुन्हा तिथे गेले, तेव्हा कारखान्याने स्वतःचे सूक्ष्मदर्शक घेतलेले होते. १८७६ मध्ये बीअरवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची रीत बसवली. १८८३ पासून ते यीस्ट कारखान्यात वापरले जाऊ लागले. पण शुद्ध यीस्ट अशुद्ध बाटलीत गेले, तर उपयोग काय?

बिघडते म्हणजे काय होते?

अल्कोहोल, आम्लता आणि हॉपमधील कडू द्रव्ये यांमुळे रोगजंतू बीअरमध्ये सहसा वाढत नाहीत. वाढतात ते दुसरेच. दह्यातल्या जिवाणूंचे भाईबंद बीअर आंबट करतात. हवा मिळाली तर दुसरे जिवाणू अल्कोहोलचे व्हिनेगर करतात. काही रानटी यीस्ट तर नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या शर्कराही खातात आणि हे बंद बाटलीत घडले तर ते धोक्याचे असते.

हिशेब करून पाहू. फेस यावा म्हणून बाटली भरताना लिटरमागे सुमारे ७ ग्रॅम साखर घालतात. एक ग्रॅम साखरेपासून साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे साडेतीन ग्रॅम वायू, ज्याचे आकारमान शून्य अंशावर व नेहमीच्या दाबाला पावणेदोन लिटरच्या पुढे जाते. रानटी यीस्टने आणखी १० ग्रॅम शर्करा फस्त केल्या, तर अडीच लिटर वायूची भर पडेल. जागा तेवढीच असल्याने दाब वाढत जातो आणि बाटली फुटून काचा उडू शकतात.

धुण्याला पर्याय नाही

मग न धुता थेट जंतुनाशक ओतले तर? नेमके इथेच चुकते. तळाशी वाळलेल्या थरात जंतू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून राहतात. जंतुनाशक आतपर्यंत पोहोचत नाही. शिवाय क्लोरीनसारखी ऑक्सिडीकारक द्रव्ये समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थाशी अभिक्रिया करतात. घाण जास्त असेल, तर ती घाणीवरच खर्ची पडतात.

वर्गात हे सहज दाखवता येते. पोटॅशियम परमँगनेटचे फिकट गुलाबी द्रावण करा. एका धुतलेल्या बाटलीत आणि लिंबाच्या सरबताचा तळाचा थोडा भाग राहिलेल्या दुसऱ्या बाटलीत ते सारखे ओता. पहिल्या बाटलीतला रंग टिकतो, दुसऱ्या बाटलीतला उडतो. रंग गेला, म्हणजे ऑक्सिडीकारकाची शक्ती संपली. आता जंतू मारणार कोण? (हे द्रावण तोंडात जाऊ देऊ नये.)

म्हणून आधी गरम पाणी, ब्रश आणि धुण्याच्या सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ. सोडियम परकार्बोनेट पाण्यात विरघळले, की धुण्याचा सोडा व हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतात. सोडा प्रथिने व तेलकटपणा सोडवतो, पेरॉक्साइड डाग तोडते. कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढुरका थर मात्र अल्काने जात नाही, त्याला आम्ल लागते. प्लॅस्टिकची भांडी तारेच्या घासणीने घासू नयेत, कारण ओरखड्यांत जंतूंना आसरा मिळतो. शेवटी भरपूर पाण्याने विसळायचे, मग जंतुनाशन.

जंतुनाशकांची निवड

क्लोरीनयुक्त द्रावण स्वस्त आणि प्रभावी असते. पण त्याचा अंश उरला, तर बीअरमधील फिनॉलांशी संयोग होऊन औषधासारखी चव येते, म्हणून नंतर उकळून गार केलेल्या पाण्याने विसळावे लागते. स्टेनलेस स्टीललाही ते हळूहळू खाते. आयोडीनयुक्त द्रावण दशलक्ष भागांत साडेबारा भाग एवढे पातळ असले तरी दोन मिनिटांत काम करते आणि विसळावे लागत नाही. कोणतेही द्रव्य असो, त्याला पृष्ठभागाशी ठरलेला वेळ संपर्क हवाच. बुडवून लगेच काढणे व्यर्थ.

एक इशारा घरी आणि शाळेतही पाळावा. हायपोक्लोराइटचे द्रावण व आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. संडास साफ करण्याच्या आम्लात ‘जास्त परिणामासाठी’ ब्लीचिंग पावडर मिसळणे जिवावर बेतू शकते.

हाच क्रम शाळेच्या पाण्याच्या टाकीलाही लागू आहे. तळाचा गाळ आणि भिंतींवरचे शेवाळ तसेच ठेवून टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली, तर क्लोरीनचा बराचसा भाग गाळावरच संपतो आणि पाणी सुरक्षित झाल्याचा भ्रम तेवढा उरतो. टाकी आधी घासून रिकामी करावी, मग क्लोरीन घालावे. परमँगनेटचा प्रयोग झाल्यावर विद्यार्थ्यांना आपल्या शाळेची टाकी शेवटची केव्हा घासली होती, याची चौकशी करायला जरूर सांगावे.