आइस्क्रीमपासून फवारणीपर्यंत : तपकिरी शेवाळ आणि 'नैसर्गिक' हा शब्द



'सीवीड'ची बाटली आपल्यापैकी अनेकांनी फवारली असेल. पण तेच तपकिरी समुद्री शेवाळ आपल्या पोटातही जातं आणि तोंडालाही लागतं, हे ठाऊक आहे का?

आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरात 'स्टॅबिलायझर' आणि पुढे आकडा असतो. तो 401 असेल, तर ते सोडियम अल्जिनेट. ते तपकिरी शेवाळाच्या पेशींच्या भिंतीतून निघतं. शेवाळ धुऊन सोड्याच्या गरम पाण्यात ठेवतात, चोथा गाळतात, मग आम्ल किंवा कॅल्शियम घालून अर्क वेगळा करतात आणि वाळवून पूड करतात. 1880 च्या दशकात स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने हा पदार्थ पुढे आणला.

त्याचा गुण एकच, पाणी धरून ठेवणं. म्हणून आइस्क्रीममध्ये बर्फाचे मोठे कण होत नाहीत आणि क्रीमला दाटपणा येतो. दाताचे डॉक्टर कवळीचं माप घेताना तोंडात जो लगदा धरतात, तोही बहुधा याचाच.

एक फरक ध्यानात ठेवा. चायना ग्रास लाल शेवाळापासून बनतं. रामेश्वरमकडे तराफ्यांवर लावतात तेही लाल. तपकिरी 'सरगॅसम' मन्नारच्या आखातात खडकांवरून गोळा करतात. आपल्या कोकण किनाऱ्यावरही ते उगवतं.

आता मुद्द्याचं. *नैसर्गिक म्हणजे आपोआप चांगलं, असं नाही.* जपानमध्ये खातात त्या 'हिजिकी' या तपकिरी शेवाळात घातक प्रकारचं आर्सेनिक जास्त सापडलं. ब्रिटनच्या अन्न यंत्रणेने 2004 मध्ये ते खाऊ नका, असं सांगितलं. 'केल्प' शेवाळात आयोडीन भरपूर. थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या गोळ्या घेऊ नयेत. समुद्रात जे असतं ते शेवाळ शोषून घेतं, म्हणून तपासणी लागतेच.

क्रीमचंही तसंच. डब्यावर शेवाळाचं चित्र मोठं, पण घटकांची यादी वाचा. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. शेवाळाचं नाव पार शेवटी असेल, तर ते नावापुरतंच समजा.

हीच नजर फवारणीच्या बाटलीलाही लावा. 2021 पासून जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. घेण्याआधी एवढं बघा :

✅ कोणतं शेवाळ आणि अर्क किती टक्के, हे लेबलवर छापलंय का?
✅ पीक आणि मात्रा लिहिली आहे का?
✅ उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, तारीख आहे का?
✅ दुकानदार पक्कं बिल देतोय का?

काळा रंग आणि समुद्राचा वास ही काही गुणवत्तेची खूण नव्हे. आणि शेवाळाचा अर्क पिकाला जोम द्यायला मदत करतो, पण नत्र-स्फुरद-पालाशची जागा घेत नाही. 'ही मारा, खत अर्धं करा' असं कुणी म्हणालं, तर आधी माती परीक्षणाचा कागद काढा.

लेबल समजत नसेल, तर बाटली विकत घेण्याआधी त्याचा फोटो आपल्या कंपनीच्या नंबरवर पाठवा. पैसे दिल्यावर विचारण्यापेक्षा ते बरं.