पॉलिशवाल्याची बाटली

दारूबंदीच्या कायद्यात फर्निचरच्या पॉलिशचं काय काम? पण 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातल्या व्याख्या चाळल्या, तर पिण्यास अयोग्य केलेल्या मद्यार्कापासून बनणाऱ्या पदार्थांत ‘फ्रेंच पॉलिश’ चक्क नावानिशी सापडतं. पॉलिशवाल्याच्या त्या तपकिरी बाटलीत मुळात दोनच गोष्टी असतात, लाख आणि अल्कोहोल. लिटरभर स्पिरिटात साधारण 120 ते 250 ग्रॅम चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) टाकायचा, रात्रभर ठेवायचा, मधूनमधून हलवायचा, गाळायचा. झालं पॉलिश. (हे स्पिरिट मुद्दाम विषारी केलेलं असतं, तेव्हा कायद्याची काळजी अनाठायी नव्हती.)

लाख म्हणजे झाडाचा डिंक नव्हे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक किडा वस्ती करतो. पिल्लं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, पण हजारोंनी. एकदा सोंड रुतवली, की मादी आयुष्यभर जागची हलत नाही. रस शोषते आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करते. शेजारशेजारची कवचं जुळून फांदीवर खडबडीत साल चढते, तीच कच्ची लाख. बंगालमध्ये राहिलेल्या जेम्स कर यांनी 1781 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या किड्याचं वर्णन छापलं. त्याचं आजचं शास्त्रीय नाव ‘केरिया लॅका’ त्यांच्यावरूनच पडलं.

ही लाख लाकडावर चढवायची, तर आधी ती पातळ व्हायला हवी. त्याचे दोन मार्ग. पहिला उष्णतेचा. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे कारागीर चरकावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच माणसाने नेमकी हीच युक्ती आपल्या प्रवासग्रंथात नोंदवून ठेवली आहे. कांडी, चरक आणि हाताचा अंदाज. बाटलीबिटलीची गरजच नाही.

पण चरकावर बसेल ते गोल. कपाटाचं दार कसं फिरवणार? तिथे दुसरा मार्ग लागतो, अल्कोहोलचा. लाखेच्या रेणूंत कार्बनच्या लांब साखळ्या असतात, त्यामुळे साध्या पाण्यात ती विरघळत नाही. त्याच साखळ्यांवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्याही लटकलेल्या असतात, म्हणून टर्पेंटाइनशीही तिचं जमत नाही. अल्कोहोलचा रेणू स्वतःच असा दुहेरी स्वभावाचा. एक टोक तेलकट, दुसरं पाण्याकडे झुकणारं. तो लाखेला सहज सामावून घेतो.

युरोपात सतराव्या शतकापर्यंत तीव्र अल्कोहोल कारागिरांच्या हाती येऊ लागलं होतं. 1688 मध्ये स्टॉकर आणि पार्कर यांनी वॉर्निशवर एक जाडजूड ग्रंथच छापला. भूमध्य समुद्राकडची इतर राळही अशीच विरघळवत. वायव्य आफ्रिकेतलं सँडरॅक, ग्रीसच्या कीऑस बेटावरची मस्तकी (आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळते ती रूमी मस्तकी). सँडरॅकचा थर कडक पण ठिसूळ. मस्तकी त्याला थोडा मऊपणा देते. व्हायोलिनवाल्यांच्या पाककृती अशाच मिश्रणांच्या. तैलचित्राच्या बाबतीत मात्र सावध राहावं लागतं, कारण वॉर्निशमधलं अल्कोहोल खालच्या रंगालाही मऊ करू शकतं. म्हणून बरेच चित्रकार टर्पेंटाइनमध्ये विरघळणाऱ्या डॅमर राळेकडे वळले.

अल्कोहोलमध्ये पाणी किती, यावर सगळा खेळ. जुने कारागीर चमचाभर बंदुकीच्या दारूवर स्पिरिट ओतून पेटवत. स्पिरिट जळून संपताना खालच्या दारूने पेट घेतला तर माल खरा. नुसतीच फुसफुसली तर पाणी जास्त. आज बाटलीवरचं लेबल वाचलं की भागतं, पण त्या परीक्षेची मजा लेबलात नाही.

पाणी हवेतूनही येतं. स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो. पावसाळी हवेत तो दवबिंदूच्याही खाली जातो, बाष्प त्या ओल्या थरावर साचतं आणि पॉलिश दुधासारखं पांढरं पडतं. जाणता पॉलिशवाला श्रावणात हे काम घेत नाही. ‘दसऱ्यानंतर बघू’ म्हणतो, आणि आपल्याला वाटतं टाळतोय.

त्याचं अवजार म्हणजे पोटली. आत कापूस किंवा लोकर, वरून जुनं सुती कापड. पोटली लाकडावर टेकवून थांबवायची नाही. थांबली की ओलं स्पिरिट खालचा थर विरघळवतं आणि कापड चिकटतं. म्हणून इंग्रजी आठाच्या आकारात ती फिरत राहते. चिकटू नये म्हणून तेलाचा एखादा थेंब, आणि शेवटी ते तेल उचलायला जवळजवळ कोरा, स्पिरिटाचा हात.

खालचा थर विरघळण्याचा हा जो त्रास, तोच लाखेच्या पॉलिशचा सगळ्यात मोठा गुण आहे असं माझं मत. मेलामाइन किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर सुकताना रासायनिक जाळं विणतो आणि पुन्हा विरघळत नाही. लाखेचं सुकणं म्हणजे मुख्यतः स्पिरिटाचं उडून जाणं. दुसरा हात पहिल्याला थोडा विरघळवून त्यातच मिसळतो. दहा हात मारले तरी थर एकच. पन्नास वर्षांनी ओरखडा पडला, तर तेवढ्याच जागी नवी लाख जुन्या लाखेत जिरते. पीयूला ओरखडा पडला की अख्खं दार घासायचं.

अर्थात लाख नाजूक आहेच. गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, सोड्याच्या पाण्याने पुसलं तर चकाकी जाते, मद्याचा पेला सांडला तर विचारूच नका. बाटलीतलं पॉलिशही म्हातारं होतं. लाखेतली आम्लं हळूहळू अल्कोहोलशी संयोग पावतात आणि महिन्यांनी तेच पॉलिश लावलं तर चिकटच राहतं.

घरातल्या जुन्या कपाटावर काय आहे, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. पायामागची, कुणाच्या नजरेस न पडणारी जागा शोधा. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिटाचे दोन थेंब घेऊन तिथे मिनिटभर हलकेच चोळा. मेलामाइन ढिम्म राहील. लाख असेल, तर बोट चिकट होईल आणि कापसावर तांबूस डाग येईल. मग उरलेल्या कपाटाला पॉलिश कागद लावण्याआधी थांबा आणि दसऱ्यानंतर येतो म्हणणाऱ्या त्या माणसाचा फोन शोधा.