आधी रक्त थांबवा, मग गाडी शोधा! जवानांना शिकवतात ते गावालाही यायला हवं

पारगाव : भीमाशंकर साखर कारखान्याचा हा पट्टा. हंगामात शिवारात ऊसतोडीचे कोयते, रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि गोठ्यात कडबाकुट्टी. हात-पाय खोल कापला, रक्ताची धार लागली की सगळे पळतात गाडी शोधायला. रक्त थांबवायचं राहूनच जातं. लष्करात भरती झालेल्या पोराला नेमकं उलटं शिकवतात. आधी रक्त थांबव, मग उचल.

असं का?

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. मांडीची किंवा दंडाची मोठी रक्तवाहिनी तुटली, तर काही मिनिटांतच जीव जाऊ शकतो. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय कितीही जवळ वाटलं, तरी शेतातून तिथं पोचायला त्याहून जास्त वेळ लागतो.

युद्धातला अनुभवही तोच. व्हिएतनाम युद्धातल्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की वाचू शकले असते अशा जवानांच्या मृत्यूचं मोठं कारण हातापायातून गेलेलं रक्त होतं. त्यावरून 1996 मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी रणांगणावरच्या उपचारांची नवी पद्धत मांडली. पुढे अनेक देशांच्या सैन्यांनी ती घेतली.

जवान काय शिकतो?

लढाईत डॉक्टर लगेच जवळ नसतो, म्हणून प्रथमोपचार हा लष्करी प्रशिक्षणाचाच भाग आहे. जवानाजवळ 'फील्ड ड्रेसिंग' म्हणजे जखमेवर दाबून बांधायची निर्जंतुक पट्टी असते. क्रम ठरलेला असतो. आधी गोळीबारातून स्वतःला आणि जखमीला आडोशाला न्यायचं. मग जोरात वाहणारं रक्त थांबवायचं. त्यानंतर श्वासाचा मार्ग मोकळा आहे का ते बघायचं आणि शेवटी अंग गरम ठेवायचं. रक्त गेलेल्या माणसाचं अंग गार पडलं, तर रक्त गोठायला अडचण येते.

शेतात हेच कसं करायचं?

1. आधी मशीन बंद करा. कडबाकुट्टीची वीज तोडा, ट्रॅक्टरचं इंजिन बंद करा. नाहीतर सोडवायला गेलेलाही जखमी होतो.

2. एकाने लगेच 108 ला फोन लावावा. ही रुग्णवाहिका मोफत आहे आणि चोवीस तास मिळते.

3. दुसऱ्याने स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी जोरात दाबावं. सारखं उचलून बघू नये. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवावं.

4. तरीही धार थांबत नसेल आणि जखम हाताला किंवा पायाला असेल, तर आवळपट्टी बांधा. जखमेच्या वर चार बोटं जागा सोडून रुंद कापड बांधायचं. गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही, त्याच्या वर. गाठीत काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा आणि काठी बांधून टाका. तार, सुतळी वापरू नका, ती मांसात रुतते.

5. बांधल्याची वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. मध्येच पट्टी सैल करू नका.

6. बोट तुटून पडलं असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात ठेवू नका.

या चुका टाळा

जखमेत हळद, चहा पावडर, राख भरू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साप चावला तर ही आवळपट्टी बांधायची नाही. त्याने विष थांबत नाही, उलट हात किंवा पाय गमवायची वेळ येऊ शकते. चावलेला भाग हलू न देता दवाखाना गाठायचा.

पुणे–नाशिक रस्त्यावर अपघात दिसला तरी पोलिसांच्या भीतीने अनेकजण थांबत नाहीत. पण 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

गावात माजी सैनिक आहेत. 2022 मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतले अनेक अग्निवीरही चार वर्षांनी घरी परततील. हंगाम सुरू व्हायच्या आधी ग्रामपंचायतीने किंवा तरुण मंडळाने त्यांना बोलावून, आरोग्य केंद्राच्या मदतीने एक दिवस सराव घेतला तरी पुष्कळ. वाचून कळतं, पण हात सरावानेच बसतो.