ओटीवरची कला : पेण-रोह्याचा कौटुंबिक छंद

श्रावणाच्या सरी ओसरू लागल्या, की रायगड जिल्ह्यातील पेण शहराच्या गल्लीबोळांतून ओल्या मातीचा आणि ताज्या रंगाचा संमिश्र गंध दरवळू लागतो. ओटीवर, पडवीत, माळ्यावर, जेथे जागा मिळेल तेथे गणरायाच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या दिसतात. पेणचा गणपती आज महाराष्ट्राच्या घराघरांत आणि सातासमुद्रापलीकडील मराठी कुटुंबांतही पोहोचला आहे. तथापि, ही कला मुळात घरातल्या माणसांच्या हातांवर वाढली, या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. पेणच्या या कलेतून प्रत्येक कुटुंबाने घेण्यासारखे बरेच आहे.

घर हीच कार्यशाळा

भोगावती नदीच्या काठी वसलेले पेण शहर आणि तालुक्यातील हमरापूर, जोहे, कळवे यांसारखी गावे मूर्तिकलेसाठी सर्वश्रुत आहेत. १८९३ साली लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक स्वरूप दिले. पुढे मुंबई-पुण्याची मागणी वाढत गेली आणि पेणच्या कलेला व्यवसायाचे रूप आले. एका वर्षाचे विसर्जन झाले, की थोड्याच दिवसांत पुढील वर्षाच्या कामाला प्रारंभ होतो. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर उत्सवाच्या कित्येक महिने आधीच जहाजावर चढतात.

अनेक कारखान्यांत घर आणि कामाची जागा यांच्यामध्ये भिंत अशी नसतेच. कोणी माती मळतो, कोणी साच्यातून अंग काढतो, कोणी हात व सोंड जोडून ओल्या कुंचल्याने सांधे गुळगुळीत करतो. रंगकामात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. पांढरा हात, अंगाचा रंग, पीतांबर, दागिने असे टप्पे पार पडल्यावर सर्वांत शेवटी येते ती डोळ्यांची आखणी. दोन्ही बुबुळांची नजर एकाच ठिकाणी पडली पाहिजे. केसभर चूक झाली तरी मूर्तीचा भाव बदलतो. म्हणूनच हे काम अनुभवी हाताकडे सोपविले जाते. जवळ बसून वर्षानुवर्षे पाहणारी मुले हीच या विद्येची खरी शिष्यशाखा होय.

माती आणि प्लास्टर

शाडूची मूर्ती वजनाला जड व वाहतुकीला नाजूक. त्यामानाने प्लास्टर ऑफ पॅरिस हलके, स्वस्त आणि लवकर घट्ट होणारे. साहजिकच गेल्या काही दशकांत त्याचा वापर फार वाढला. जिप्सम नावाचे खनिज तापवून त्यातील बरेचसे पाणी काढून टाकले, की हे प्लास्टर तयार होते. त्यात पाणी मिसळताच ते पुन्हा जिप्समसारखे कठीण बनते. त्यामुळे शाडू काही तासांत विरघळतो, तर प्लास्टरची मूर्ती नदी-तलावात दीर्घकाळ तशीच पडून राहते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली सुधारित मार्गदर्शक सूचना काढून अशा मूर्तींना मनाई केली. २०२५ च्या जून महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडविण्यास मुभा दिली. मात्र परवानगीवाचून नैसर्गिक जलस्रोतांत त्यांचे विसर्जन करता येणार नाही, असेही स्पष्ट केले. या घडामोडींच्या काळात ज्यांचा चरितार्थ या व्यवसायावर चालतो, त्या कारागिरांची चिंता समजण्यासारखी आहे. त्यातच आता घरोघरी मूर्ती घडवा असा प्रचार होऊ लागला, तर आपल्या हातचे काम जाईल, अशी शंका एखाद्या मूर्तिकाराच्या मनात आल्यास नवल नाही.

परंतु अनुभव वेगळे सांगतो. ज्याने स्वतः एकदा सोंडेचा बाक साधण्यासाठी तीन वेळा माती मोडली, त्यालाच कारागिराच्या बोटांतील कसब कळते. असा माणूस केवळ उंची आणि झगमगाट पाहून मूर्ती निवडत नाही आणि शाडूच्या मूर्तीला पडणारे चार पैसे अधिक त्याला जड वाटत नाहीत. घरातला छंद कारागिराचा प्रतिस्पर्धी नव्हे. तो त्याच्यासाठी जाणते गिऱ्हाईक घडवितो.

वीतभर मूर्ती, सारे घर

या छंदाला खर्च थोडा व साहित्य साधे लागते. शाडूची भुकटी चाळून, भिजवून कणकेसारखी मऊ मळावी. पाटावर बैठक, तिच्यावर पोटाचा गोळा, मग मांड्या, हात, मस्तक व सोंड असा क्रम ठेवावा. जोड देताना दोन्ही बाजूंना ओरखडे काढून पातळ मातीचा लेप लावला म्हणजे सांधा पक्का बसतो. मूर्ती उन्हात न ठेवता सावलीतच वाळवावी, अन्यथा तडे जातात. गेलेच तर त्याच लेपाने ते बुजविता येतात. रंगासाठी गेरू, हळद व चुना पुरे. हळदीत चुना मिसळला, की लाल रंग तयार होतो, हे पाहून मुलांना होणारा आनंद काही निराळाच असतो.

आजोबांनी बैठक घडवावी, आईने अलंकार कोरावेत आणि धाकट्या लेकराकडे उंदीर सोपवावा. उंदराचे कान थोडे मोठे झाले तर झाले! मखरही घरीच करावे. राज्यात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आल्यानंतर कागद, कापड व बांबू यांना पुन्हा मान मिळाला आहे. विसर्जन बादलीत केल्यास तळाशी बसलेली माती गाळून, वाळवून पुढील वर्षी वापरता येते.

रोह्याचा किल्ला, लग्नातले रुखवत

गणपती गेले, तरी मातीचा हात सुटत नाही. कुंडलिकेच्या काठी असलेल्या रोह्याच्या परिसरात अवचितगड, घोसाळगड यांसारखे दुर्ग आहेत. अशा भूमीत दिवाळीच्या सुटीत अंगणात किल्ला करण्याच्या मराठी प्रथेला विशेष अर्थ येतो. दगड-विटांचा डोंगर रचून त्यावर चिखलात बुडविलेले गोणपाट पसरावे, हळीव वा मोहरी पेरून हिरवळ उगवावी, बुरूज, तटबंदी व टाकी घडवावीत. आधी खरा गड पाहून, त्याचा दरवाजा कोठे व पाणी कोठे हे टिपून घेतले, तर हा खेळ इतिहासाचा पाठ ठरतो. २०२५ च्या जुलैमध्ये रायगडासह १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाल्याने तर या पाठाचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

खाद्यपदार्थ सजविण्याची हौसही आपल्याकडे जुनीच. पाश्चात्त्य घरांत केकवर जी नक्षी काढतात, तिचे मराठी भावंड म्हणजे लग्नातील रुखवत. लाडूंचे मनोरे, पापड-कुरडयांची आरास, खोबऱ्यावरील कोरीव काम यांत मावश्या, आत्या व काकू रात्रीचा दिवस करतात. पेणच्या पापडांना तर या आराशीत हक्काचे स्थान आहे. उकडीच्या मोदकाच्या सारख्या मुखऱ्या पाडणे, हीदेखील एक हस्तकलाच होय.

शाळा आणि ग्रामपंचायत

१९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या आधारे शिक्षणाचा विचार मांडला. हाताने काम करताना बुद्धीही घडते, हे त्यातील सूत्र होते. शिक्षकांनी कार्यानुभवाच्या तासाला परिसरातील मूर्तिकारास सन्मानाने आमंत्रित करावे, त्याचा मोबदलाही द्यावा आणि पालकांनाही त्या दिवशी शाळेत बोलवावे. ग्रामपंचायतींनी शाडू एकत्रित मागवून घरोघरी वाटावा, विसर्जनासाठी हौद बांधावा आणि त्यातील माती परत गोळा करण्याची व्यवस्था करावी. दिवाळीत किल्ल्यांची स्पर्धा घेतल्यास वाडीवस्तीवरील मुलेही त्यात उतरतील. यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. आस्था मात्र हवी.

यंत्र एकाच साच्यातून हजार मूर्ती काढील. पण वाकडी सोंड आणि मोठ्या कानांचा उंदीर असलेली घरची मूर्ती कुटुंबाच्या स्मरणात कायमची राहते. पेणच्या ओटीवर ही कला वाढली. ती अन्य घरांच्या ओटीवरही रुजली, तर कारागिराच्या घामाला मोल येईल आणि पुढच्या पिढीच्या हातांना मातीची ओळख राहील.