विश्लेषण : पाच रुपयांच्या ‘ट्रॅक्टर’ नोटेला पाच लाख? जुन्या नाण्यांच्या बाजारात फसवणूक कशी होते?

देव्हाऱ्यात टाकाबरोबर पुजलेला राणीछाप रुपया, आजीच्या पेटीतली तांब्याची शिवराई, जुन्या वहीत जपलेली ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट. इंदापूर तालुक्यातील कळस असो की शेजारचा बारामती तालुका, असे काही ना काही पुष्कळ घरांत निघते. ‘ही नोट तुमच्याकडे आहे? पाच लाख मिळवा’ अशी जाहिरात मोबाइलवर झळकली की ही पेटी उघडली जाते. पण फसवणारे सगळेच अनोळखी नसतात. नाणी जमवणाऱ्यांच्या आपापसातल्या व्यवहारातही खोटे व्यापारी असतात आणि त्यांना ओळखणे अधिक अवघड जाते.

लाखांची नोट खरी असते का?

ट्रॅक्टरची नोट वर्षानुवर्षे प्रचंड संख्येने छापली गेली. ती आजही वैध चलन आहे, म्हणजे बँकेत तिचे पाचच रुपये मिळतात. 2012 मध्ये निघालेले वैष्णोदेवीचे नाणे किंवा क्रमांकात 786 असलेली नोट यांना एखादा हौशी थोडे जास्त देईल, लाख नव्हे.

जाहिरातवाल्याला मुळात नोट नकोच असते. तो फोटो मागवतो, ‘पसंत पडली’ म्हणतो आणि रिझर्व्ह बँकेच्या नावाचे बनावट पत्र पाठवतो. मग नोंदणी शुल्क, त्यानंतर जीएसटी, विमा, ‘ना हरकत’ असे एकेक निघत जाते. आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत राहतो. 4 ऑगस्ट 2021 रोजी रिझर्व्ह बँकेने याबाबत जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार कोणत्याही व्यक्तीला किंवा संस्थेला दिलेला नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. विकत घेणाराच विकणाऱ्याकडे पैसे मागू लागला, तर बोलणे तिथेच थांबवावे. यूपीआयचा पिन पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही, हेही इथे लक्षात ठेवावे.

शिवराईच्या नावाने काय चालते?

पुणे, सुपे, इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीतले. त्यामुळे या भागातल्या शिवराईला भावनिक मोल आहे आणि खोटा व्यापारी नेमके तेच विकतो. ‘राज्याभिषेकाच्या वेळची, 1674 ची’ असे सांगून तो कोणतीही शिवराई खपवतो. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले हे नाणे महाराजांच्या नंतरही दीर्घकाळ, पेशवाईतसुद्धा पाडले जात होते. नाणे अस्सल, पण सांगितलेला काळ खोटा, ही या धंद्यातली सर्वांत सफाईदार फसवणूक म्हणावी लागेल. कारण तिथे नाणे तपासून काही हाती लागत नाही, त्याचा इतिहासच माहीत असावा लागतो. सोन्याचा होन तर अतिदुर्मीळ. तो व्हॉट्सअॅपवर ‘आजच्या दिवसासाठी सवलतीत’ मिळत नसतो.

राम-सीता किंवा हनुमानाचे चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी, 1616’ किंवा ‘1818’ असे लिहिलेली ‘आण्या’ची नाणी ही तर निव्वळ बनावट. कंपनीची स्थापनाच 1600 सालची आणि तिचे देशभर एकसारखे नाणे सुरू झाले 1835 मध्ये. अशीच नाणी ‘तांदूळ ओढणारी’ म्हणून विकण्याचा ‘राईस पुलर’चा खेळ महाराष्ट्रात अनेकदा उघडकीला आला आहे.

खरे-खोटे घरी तपासता येते का?

बऱ्याच अंशी. 1835 पासूनच्या कंपनीच्या आणि राणीछाप चांदीच्या रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. झिजेमुळे ते किंचित कमी भरेल, पण दीड-दोन ग्रॅमचा फरक पडणार नाही. गावच्या सराफाच्या काट्यावर हे पाच मिनिटांत कळते. ओतीव नकलेच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात आणि कडेला सांधा दिसतो. 1939 चा चांदीचा रुपया दुर्मीळ, म्हणून 1938 मधला आठ कोरून नऊ केला जातो. तो अंक भिंगाखाली पाहावा. शिवराई हाताने ठोकलेली असते, त्यामुळे दोन नाण्यांवरची अक्षरे सहसा सारखी बसत नाहीत. विक्रेत्याकडच्या दहाही शिवरायांवर अक्षर एकाच जागी तुटलेले दिसले, तर त्या एकाच साच्यातून निघाल्या आहेत.

ओळखीतला विक्रेताच फसवतो तेव्हा?

संग्राहकांच्या गटांमध्ये व्यवहार विश्वासावर चालतात. आधी पैसे, मग टपालाने नाणे. चार लहान व्यवहार चोख करायचे, पाचव्या मोठ्या रकमेला फोन बंद, ही नेहमीची पद्धत. दुसऱ्याच्या संग्रहातला फोटो दाखवणे किंवा लिलावात आपल्याच दुसऱ्या नंबरवरून बोली चढवणे हेही चालते. मोठ्या रकमेचे नाणे प्रत्यक्ष पाहूनच घ्यावे. टपालाने घ्यायचेच असेल तर त्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर, वजनकाट्यावर ठेवलेल्या नाण्याचा व्हिडिओ मागावा. प्रामाणिक विक्रेता याला नकार देत नाही. पाकीट उघडतानाचे चित्रीकरणही करून ठेवावे.

गटातून काढलेला विक्रेता नव्या नावाने परत येतो. इथे दोष थोडा संग्राहकांचाही आहे. फसलेला माणूस ‘पारख नाही’ असे हसू होईल म्हणून गप्प बसतो आणि पुढचा गिऱ्हाईक आयता सापडतो. इशारा देताना मात्र ‘चोर’, ‘लुटारू’ असे शब्द टाळून तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि संभाषण एवढेच मांडावे. सद्हेतूने आणि लोकहितासाठी सांगितलेल्या सत्याला बदनामीच्या कायद्यात संरक्षण आहे, शिवीगाळीला नाही.

तक्रार कुठे करायची?

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. त्यासाठी संभाषण पुसू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. 1 जुलै 2024 नंतरच्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम 318 लागू होते.

‘परदेशी गिऱ्हाईक तयार आहे’ असे सांगणाऱ्यापासून तर दूरच राहावे. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. ते खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही आणि अशा वस्तू विकण्याचा व्यवसाय करायला परवाना लागतो.

शेतात नाणी सापडली तर?

विहीर खणताना किंवा नांगरताना पुरलेली नाणी निघाली आणि त्यांची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल, तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बांधावर येऊन ‘गुपचूप द्या, रोख देतो’ म्हणणारा व्यापारी हे सांगत नाही. उलट सौदा झाल्यावर याच कायद्याची भीती घालून तो ठरलेली किंमत पाडतो.