‘ब्रीदर’ आणि ‘बॅक कॉम्प्रेशन’ : दोन संज्ञा आणि एक निदान

मुंबई-अहमदाबाद महामार्ग महाराष्ट्राची हद्द ओलांडून गुजरातेत शिरतो, त्या टोकाला तलासरी तालुक्यातील अच्छाड हे गाव आहे. मराठी, वारली, गुजराती आणि हिंदी ह्या भाषा ह्या प्रदेशात एकमेकींच्या संपर्कात येतात. वाहनदुरुस्तीची परिभाषा मात्र हद्द जाणत नाही. ती बहुतांशी इंग्रजीतून आलेली असून सर्वांना समान आहे. तीतील दोन संज्ञांपैकी कोणती आधी उच्चारली जाते, ह्यावर जुन्या वेगवान मोटारीचे इंजिन उघडावे की नाही, हे पुष्कळदा ठरते.

इंजिन नवे असले तरी जळलेला वायू पिस्टनच्या रिंगांजवळून थोडासा क्रँककेसमध्ये उतरतोच. त्याच्याबरोबर न जळलेले पेट्रोल व पाण्याची वाफ असते. तेलाचे तुषार त्यात मिसळतात. त्याला वाट मिळाली नाही तर आतील दाब वाढतो आणि ऑइल सील व गॅस्केट ह्यांमधून तेल बाहेर पडू लागते. ही वाट म्हणजे ‘ब्रीदर’. पूर्वी तिची नळी उघड्यावर सुटत असे. कॅलिफोर्नियात १९६१ च्या नव्या मोटारींपासून हा वायू पुन्हा इंजिनात नेऊन जाळण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे आजचा ‘ब्रीदर’ बाहेर श्वास सोडतच नाही. नाव तेवढे मागे राहिले आहे.

वायू परत नेण्यापूर्वी त्यातील तेल काढून घ्यावे लागते. तेल-विभाजकात तो आडव्या पडद्यांवर आदळतो किंवा गोल फिरतो. जड थेंब खाली बसून तेलाच्या टाकीत परततात. हा परतीचा मार्ग काजळीने तुंबला, की तेल हवेबरोबर ओढले जाते व सायलेन्सरमधून निळसर धूर येतो.

औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथील स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला. ऑक्टाव्हियाची १.८ लिटरची टर्बो पेट्रोल आवृत्ती भारतात विकली गेली, ती आता वयस्क झाली आहे. ह्या इंजिनात दोन वाटा असतात. मोटार उभी असताना वायू एकमार्गी झडपेतून मॅनिफोल्डमध्ये ओढला जातो. टर्बोचा दाब चढला की ती झडप मिटते व वायू टर्बोच्या आधीच्या नळीकडे वळतो. झडप मिटेनाशी झाली, तर टर्बोचा दाब उलट क्रँककेसमध्येच शिरतो. मॅनिफोल्डखालच्या रबरी नळ्या उष्णतेने व तेलाने प्रथम मऊ पडतात आणि मग चिरतात.

तेलाचे झाकण उघडताच धूर दिसला, की गॅरेजमध्ये ‘बॅक कॉम्प्रेशन’ हा शब्द येतो. वस्तुतः हे केवळ लक्षणाचे नाव असायला हवे. परंतु ‘कॉम्प्रेशन’ ह्या पदामुळे रिंगा झिजल्या हे कारणही त्यात गृहीत धरले जाते. ‘ब्रीदर’ ह्या शब्दाची गोष्ट उलटी आहे. त्यातील कर्तृवाचक प्रत्यय मराठी भाषकाला जाणवत नाही. त्याच्या लेखी ते एका नळीचे नाव असते, कार्याचे नव्हे. साहजिकच बोलक्या शब्दाचा पक्ष जिंकतो, आणि मालकाला इंजिनकामाचा मोठा खर्च सांगितला जातो.

क्रम उलटा हवा. प्रथम नळ्या तपासाव्यात, झडप काढून दोन्ही बाजूंनी फुंकून पाहावी (हवा एकाच दिशेने जायला हवी), विभाजक साफ करावा किंवा बदलावा. त्यानंतरही झाकणाशी धूर जोराने येत राहिला, तर सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे. झाकणाखाली पांढरट साय दिसल्यास ती पावसाळ्यातील लहान फेऱ्यांमुळे साचलेली वाफही असू शकते. मात्र रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे वळावे.